पिशवी पालथी करायला लावणारे आप्पा

उचगावचे वैद्य बसवंतआप्पा यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. सत्कारासाठी त्यांच्याबद्दल लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी दुसरी शिकलेली. चुकलं तर आप्पांनी सांभाळून घ्यावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

आमची ओळख भांडणातून झाली. पन्हाळ्याच्या पायथ्याची अर्जुनसाल, गुळवेल मी त्यांच्या दवाखान्यात घालत असे. पहिलंच ओझं त्यांनी परत केलं, साल ओली होती म्हणून. मी दारातच शिव्या घातल्या. आप्पांनी पाणी दिलं. त्यानंतर ओली साल मी कधी नेली नाही.

पुढं माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ राहायची गोळी जन्मभर घ्या, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. मला झाडपाल्याचा गर्व. लसणानं रक्त पातळ होतं, असं आप्पा एकदा गावच्या देवळात बोलले होते, ते मी गाठीला बांधलेलं. गोळीच्या जोडीला रोज दुधात उकळलेल्या आठ पाकळ्या, वर आलं-हळदीचा काढा. कुणाला सांगितलं नाही. महिन्याभरात मालकांचा घोळणा फुटला, नाकातलं रक्त थांबेना.

दूर्वांचा रस मागायला त्यांना घेऊन आप्पांकडं गेले. आप्पांनी रस दिला नाही. माझी पिशवी घेऊन खाटेवर पालथी केली. गोळ्यांचं पाकीट पडलं, सोललेल्या लसणाची पुरचुंडी पडली.

"तुम्हीच सांगितलासा की देवळात," मी म्हटलं.

"गोळीबी रक्त पातळ करती, लसूणबी. दोन्ही बैल एकाच अंगाला जुंपलायसा, मावशी."

रिक्षा करून आप्पा स्वतः आमच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात आले. तिथले तरुण डॉक्टर माझ्यावर तापले. अडाणीपासून सुरुवात केली. आप्पा मधे पडले. "चूक ह्यांची न्हाय, माझी हाय. लसणाचा गुण सांगितला, गोळीवाल्यांनी जपावं हे सांगायचं राहिलं."

एवढे नावाजलेले वैद्य पोराच्या वयाच्या डॉक्टरांपुढं असं बोलले. मी मान खाली घातली. हे मी फारदा केलेलं नाही. मालक वाचले. काढा बंद केला म्हणून आजही कुरकुरतात.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी त्याच देवळात उभं राहून उरलेलं अर्धं सांगितलं. तेव्हापासून नाडी धरण्याआधी प्रत्येकाची पिशवी खाटेवर पालथी होते. नेसरीच्या एका पाहुण्यांच्या पिशवीतून तीन वैद्यांची चूर्णं पडली. आप्पांनी तिन्ही बांधून परत दिली, आपलं चौथं दिलं नाही.

गेल्या वर्षी आप्पांनाही तीच गोळी लागली. भेटायला गेले तेव्हा त्यांची उशाची पिशवी मीच पालथी करायला लावली. चष्मा, गोळ्या आणि लसणाच्या चटणीची डबी.

"चवीपुरती हाय की," आप्पा म्हणाले.

डबी मी घेऊन आले.

आप्पांनी शंभरी गाठावी, आपल्या पायांनी चालत गाठावी. सत्काराला येणाऱ्यांनी हार आणावेत, काढे आणू नयेत. शंभरीच्या सत्काराला मी डबी परत करीन. घासून, रिकामी.