लेकीची बाभूळ

माझं माहेर चुन्याच्या भट्टीचं आणि सासर कोळशाच्या. पोरगी पांढऱ्यातून काळ्यात पडली, असं आई येईल त्याला सांगायची. तिचं खोटं नव्हतं. भूमच्या पुढं डोंगरातली ती वाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला भांडी, कपडे, पोरं सगळंच काळं दिसलं. चार-दोन पालं, मधे धुमसणाऱ्या भट्ट्या आणि रॉकेलच्या दिव्यालाही महाग माणसं. इथं जन्म काढायचा, या विचारानं मी नीट जेवलेही नव्हते.

पण आमच्या लग्नाच्या सुमाराला तिकडं कुठं तरी महायुद्ध पेटलं, पेट्रोल मिळेनासं झालं आणि निजामाच्या राज्यातल्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. धावू लागल्या म्हणायचं एवढंच. मोटारीच्या पाठीला लोखंडी पिंप, त्यात कोळशाचा विस्तव, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. त्या पिंपांना रोज कोळसा लागे आणि तो आमच्या वाडीतून जाई. कंत्राटदाराच्या गाड्यांची रांग लागायची. पालं गेली, मातीच्या भिंती आल्या. लोक पार लोहारा गावापासून बिऱ्हाडं घेऊन आमच्याकडं कामाला आले. वाडीत चहाचं दुकान निघालं! भूमच्या बाजारात ज्या बायका आम्हाला बघून पदर आवरायच्या, त्याच आता 'बसा की' म्हणून जागा करून द्यायला लागल्या. मला त्यांचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

त्या भरभराटीतच मला पहिली मुलगी झाली आणि बोळकं हसायला शिकते न शिकते तोच तापानं गेली.

दात न आलेलं लेकरू आगीत देत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्या लोकांत त्याला एक जोड होती. दिवसरात्र झाडं तोडणारी माणसं ती; पण लेकरू पुरलं की शेजारचं एक कोवळं झाड त्याच्या नावानं सोडायचे. ओढ्याकाठी एक बाभूळ होती. सासूबाईंनी तिला हळद लावली आणि मला जवळ बसवलं.

"ही आता तुज्या लेकीची. वाडीतला कुनीबी हिला कुराड लावनार न्हाय. पर एक ध्यानात ठिव. वाडी सोडायची येळ आली तर ही परक्याच्या कुराडीला ठिवायची न्हाय. आपल्या हातानं पाडायची, आन कोळसा संगं न्यायचा."

मी त्यातलं पहिलं तेवढंच मनावर घेतलं. वाडी सोडायची वेळ येईल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जुनी रीत अशी की झाड तोडताना हातभर बुंधा ठेवायचा, म्हणजे पावसाळ्यात तो फुटतो. पण कंत्राटदाराची घाई आणि आमची हाव. आधी बुंधे गेले, मग मुळंही खणून काढली. सासूबाई ओरडायच्या, पण वाडीत चहा पिणाऱ्यांना त्यांचं ओरडणं जुनाट वाटायचं. बघता बघता डोंगर बोडका झाला. लाकडासाठी बैलगाडी पहाटे निघायची ती दिवस मावळता परतायची. ओढ्याकाठी तेवढी माझी बाभूळ पिवळ्या फुलांनी डवरायची. तिच्याकडं बघणाऱ्यांच्या नजरा मला कळायच्या. मी धुणं घेऊन तिच्याच बुडाशी बसायची. जग बुडालं तरी चालेल, एवढं एक झाड उभं राहू दे, याशिवाय मी देवाकडं काही मागितलं नाही.

युद्ध संपलं. पेट्रोल आलं. कंत्राटदाराच्या गाड्या आधी कमी झाल्या, मग थांबल्या. चहाचं दुकान बंद पडलं. बाहेरून आलेली बिऱ्हाडं जशी आली तशी गेली. पुढं निजामाच्या राज्यात दंगे उसळले, गावोगाव जाळपोळ सुरू झाली, आणि भट्टीचा धूर म्हणजे इथं माणसं आहेत म्हणून दवंडी पिटल्यासारखंच झालं. भट्ट्या विझवल्या. भट्टी विझलेल्या वाडीत किती शांत असतं, ते मला सांगता येणार नाही. निजामाच्या हद्दीपलीकडं सोलापूरला जायचं ठरलं.

निघण्याआधी सासूबाई कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना नको नको ते बोलले. आगीत द्यायची नाही म्हणून जिला मातीत ठेवली, तिचं झाड आगीत कसं देऊ? त्या रागावल्या नाहीत.

"म्या माजी तीन पाडलीत, बाई," एवढंच म्हणाल्या.

माझ्या मालकांनी बाभूळ पाडली. धूर वावटळीत मिसळून जावा, लांबून कळू नये म्हणून वैशाखाच्या भर दुपारी खड्ड्यात लहानशी भट्टी लावली. वाडीतली ती शेवटची. एक पोतं कोळसा निघाला. गाडीत मी ते पोतं मांडीशी घेऊन बसले होते.

सोलापुरात मालक गिरणीत लागले. एका खोलीत सगळा संसार, पोतं कोपऱ्यात. चुलीला काही नसलं तरी त्याला कुणी हात लावला नाही. हिवाळ्यात मला मुलगा झाला, दिवसांच्या आधी, मुठीएवढा आणि गारढोण. शेगडी पेटवायला कोळसा पाहिजे होता. मालक सकाळपासून वखारी हिंडून रिकाम्या हातानं आले. कोळसेवाल्यांच्या घरात चिमूटभर कोळसा नाही! सासूबाई बाळाचे पाय चोळत होत्या. त्यांनी एकदाही कोपऱ्याकडं बघितलं नाही, म्हणूनच मला कळलं.

"सोडा ते पोतं, आत्या," मी म्हणाले.

बाभळीचा कोळसा धूर न करता पेटला. खाटेखाली शेगडी ठेवली. दुपारपर्यंत बाळाचे तळवे गुलाबी झाले आणि ते रडलं. सासूबाई म्हणाल्या, "बहीन शेकतीया बग भावाला." मला तेव्हा ते ऐकवलं नाही.

मुलगा जगला. मी बाळंतपणातून उठून कामाला लागले तोवर पोतं तळाला गेलं. एका सकाळी सासूबाईंनी ते उलटं करून झटकलं, तर नुसती काळी भुकटी पडली. वाडीत लेकीला पुरताना मी रडले नव्हते, बाभूळ पाडतानाही नाही. त्या दिवशी भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडले. तोवर ती माझ्याजवळ होती.