कुंकू लावलेलं लोखंड

संग्रामपुरात उकंडरावांना सगळे 'बॉम्बवाले जमादार' म्हणत. पोलिसात नोकरीभर त्यांचं एकच काम. कुठं बॉम्ब सापडला की सगळ्यांना मागं सारायचं, एकट्यानं पुढं जायचं आणि तो निकामी करायचा. सोबत्यालाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. "गेलंच तं एकाच घरचं कुकू जाईन," म्हणायचे. हे ऐकलं की त्यांच्या बायकोचं, अंबूबाईचं डोकं फिरायचं. ते एक घर कोणाचं, तर हिचं! वा रे न्याय!

शेवटी नवऱ्याशी भांडून तिनंच एक रीत पाडली. परत आलात की त्या मेल्या बॉम्बचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवायचा. मग स्प्रिंग असो, तार असो की पितळी टोपण. अंबूबाई त्याला कुंकवाचं बोट लावायची, पत्र्याच्या पेटीत टाकायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, उकंडराव निवृत्त होऊन गावी आल्यावर, त्यांच्या लेकीला, कोकिळेला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील इंद्रभान पाटील, ओलिताची जमीन, भरलं घर. अंबूबाईला हे स्थळ फार मनातून हवं होतं. सगळं जुळतही आलं, आणि पाटलांची नजर पेटीवर गेली. "जमादार, नोकरीत काय कमावलं, दाखवा तं खरं!" म्हणत त्यांनी हसत झाकण उघडलं. आत कुंकू माखलेलं लोखंड!

"काय बाप्पा, करणी-बिरणी करून राह्यले का तुम्ही?"

उकंडरावांनी सारं समजावून सांगितलं. पाटील काही केल्या ऐकेनात. "असंन. पण ह्या मरणाच्या वस्तू आहेत. आजच नदीत टाका, मंग सुपारी फोडू."

उकंडरावांनी कोकिळेकडं पाहिलं. बॉम्बपुढं कधी मागं न सरलेला हा माणूस पेटी उचलायला वाकला. "टाकतो," ते म्हणाले. पोरीपुढं बापाचं काय चालतं!

अंबूबाईचं मात्र टाळकं सरकलं. तिनं देव्हाऱ्यातून करंडा आणला आणि पेटीपुढं फतकल मारून बसली.

"मरणाच्या कायच्या? आमचे हे जित्ते वापस आले, त्याच्या वस्तू आहेत ह्या! दर बारीले माह्यं कुकू डावावर लागे. एकही तुकडा फेकणार नाई मी!"

आणि सगळ्यांदेखत ती एकेका तुकड्याला नवं कुंकू लावत गेली.

पाहुणे उठले. पोहे बशांत तसेच राहिले. बाहेर बैल जुंपल्याचा आवाज आला तशी अंबूबाईला रडू फुटलं. हातचं स्थळ तिनं स्वतःच घालवलं होतं. पोरीच्या तोंडाकडं पाहायचा तिला धीर होईना.

कोकिळाच जवळ आली. तिनं पेटीतली एक स्प्रिंग उचलून मुठीत धरली. गाडी अजून दारातच होती. गाडीतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"काऊन रडतं वो माय? मले ज्या घरी देसान, तिथं हे माह्यासंगं जाईन. ज्याले चालते, त्यानंच मले पाहाले यावं!"