दौंडहून जिवंत आणलेल्या तिसऱ्या

पहाटे सणसवाडीहून निघताना सोबत फक्त झाकणाचा एक रिकामा डबा होता. दौंडला जाऊन तिसऱ्या (समुद्रातले लहान शिंपले) आणायच्या आणि संध्याकाळी रांधायच्या, काम एवढंच. पण त्यावर माझ्या खानावळीची अब्रू टांगलेली होती.

आम्ही मूळचे कवठे येमाईचे. वडिलांनी मेंढरं राखली, घर जितराबावरच चाललं. मी एक पत्रा आणि दोन चुलींवर सुरुवात केली आणि आज कंपन्यांच्या समोर रोज साठ ताटं वाढतो, कुणाचं रुपयाचं कर्ज न घेता. तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या कामगारांनी हौस केली म्हणून दौंडहून तिसऱ्या आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्या तोंड वासून पडलेल्या, आणि वास पार रस्त्यापर्यंत. सगळा माल खड्ड्यात पुरला आणि पंगतीला पिठलं वाढलं. तेव्हा गुहागरकडचा दिगंबर फिटर सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, तुम्ही आपलं मटण करा. समुद्राचं तुमचं काम नाय." पुढे दर रविवारी मी मटण वाढताना तो हे वाक्य म्हणायचा. आता त्याची बदली झाली होती आणि निरोपाचं जेवण माझ्याकडे होतं. खानावळीतल्या पोरांनी विचारलं, काय करणार? मी म्हणालो, तिसऱ्या.

शिक्रापूरपर्यंत एसटी, तिथून न्हावऱ्यापर्यंत दुसरी. न्हावऱ्याला वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळाली. पारगावच्या पुलावर भीमा लागली. पाणी संथ होतं, काठाला ऊस आणि उसाच्या वर धुकं. चौफुल्याला उतरून मिसळ खाल्ली. रस्सा पाण्यासारखा होता, तसं मालकाला सांगितलं, आणि त्याने मुकाट्याने तर्री वाढली. आपलं ताट कसं असावं हे मला कळतं, दुसऱ्याचंही कळतं.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. बाजारात चार भाषा ऐकू येतात आणि मासळी मुंबईच्या गाडीने येते. तीन वर्षांपूर्वी मला तिसऱ्या विकणारी मावशी जुन्याच जागी बसली होती. अलिबागकडची, नवरा रेल्वेत होता म्हणून इकडे आलेली. दौंडात इतकी वर्षं काढून बोलणं आमच्यासारखंच झालेलं.

"या मामा," ती म्हणाली. "आज भांडायचं हाय का घ्यायचं हाय?"

"आधी बघायचं हाय," मी म्हणालो.

मी परात मागितली आणि माल पसरायला लावला. मेंढरू घेताना आम्ही पाठीवर दाबून बघतो, कान ओढून बघतो. जिवंत जनावर अंग चोरतं. इथेही तेच केलं. फुटक्या शिंपल्या आधी बाजूला काढल्या. मिटलेल्या ठेवल्या. ज्यांचं तोंड किंचित उघडं होतं त्यांना नखाने टिचकी मारली. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाहेर. एक शिंपली हाताला उगीच जड लागली, तीही काढली. आत नुसता चिखल भरलेला असतो. शेवटी ओंजळ नाकाशी नेली. खारा, स्वच्छ वास होता.

"शिकला की," मावशी म्हणाली.

"मागल्या येळी शिकलो. तू मेल्याली इकलीस तवा."

तिने सुरी खाली ठेवली. "घरी नेऊन काय केलं व्हतं?"

"काय करायचं? वाळू निघावी म्हणून रातभर भिजत घातल्या. बोरचं चांगलं गोड पाणी."

"मटकी घालता तशा?"

"व्हय, मटकी घालतो तशाच."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "मामा, समुद्राचं जितराब ते. गोड पाण्यात रातभर बुडवल्यावर जगंल का? मी जित्या दिल्या. तुम्ही मारल्या."

माझं डोकं तापलं. तीन वर्षं जिला शिव्या दिल्या ती समोर बसून शांतपणे हे सांगत होती. मग मी भावावर घसरलो आणि चांगला अर्धा तास भांडलो. तिने भाव थोडा उतरवला, डब्यात झाकण लागून जीव गुदमरतो म्हणून माल स्वतःच्या गोणपाटात भरला आणि म्हणाली, "पोतं ओलं हाय, सावलीत ठेवा. घरी मिठाच्या पाण्यात दोनच तास. आन् पोतं परत आणा."

परतताना पारगावच्या अलीकडे जीप पंक्चर झाली. दुपार चढली होती. मी पोतं उसाच्या सावलीत ठेवून त्यावर पाचट (उसाची वाळकी पानं) टाकत होतो, तेवढ्यात ड्रायव्हरने ते उचललं आणि पाटाकडे (कालव्याकडे) निघाला.

"आबा, पाण्यात बुडवून आणतो, गार व्हईल."

"ठेव खाली," मी ओरडलो. "गोड पाणी हाय ते."

"मंग काय झालं?"

"समुद्राचं जितराब हाय ते. मरंल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मावशीचे शब्द माझ्या तोंडून जसेच्या तसे निघाले होते.

संध्याकाळी बायकोने ओल्या खोबऱ्याचं वाटण केलं, दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या मी रांधल्या. पातेल्यात वाफ धरली तशी एकेक शिंपली उघडत गेली. नऊ मिटलेल्याच राहिल्या. शिजूनही न उघडलेली म्हणजे आधीच मेलेली, म्हणून त्या मी काढून राखेत टाकल्या.

दिगंबरने पहिली शिंपली उचलली, वास घेतला, चोखली. पंगत त्याच्याकडे बघत होती. तीन-चार खाल्ल्यावर त्याने विचारलं, "न उघडलेल्या कुठे गेल्या?"

"राखेत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि ताट पुढे केलं. "वाढा अजून. आईच्या हातच्या आठवल्या." जरा वेळाने म्हणाला, "कुणी शिकवलं, आबा?"

"आम्ही जितराबातली माणसं. आम्हाला कोण शिकवणार?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. रात्री आडवा झाल्यावर तितकं आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दौंडला गेलो. मावशीचं पोतं परत दिलं. त्यात कवठ्याची पाच शेर बाजरी होती.

"हे कशापायी, मामा?"

"पोत्याचं भाडं."

"पोतं तर फाटकं हाय."

"त्येच म्हणतोय मी. फाटकं पोतं दिलंस मला," मी म्हणालो, आणि परात मागितली.