मिलिंदच्या दुकानातली स्पीकरची वायर

सत्त्याण्णव साली मलकापुरात आवई उठली, की कॉम्प्युटरवर कार्ड-पत्रिका करून देणारा डीटीपीवाला मिलिंद गिऱ्हाइकाची ऐपत बघून कॉम्प्युटर लावतो. बागायतदार आला की मशीन गाणं म्हणतं, रोजंदारीवाला आला की गप. आवई पसरवण्यात आमच्या आळीचा हात नव्हता असं कुणी म्हणणार नाही. पण ती खोटी होती. मिलिंद तोंड बघायचा हे खरं, खिसा नव्हे.

मशीन नवं आलं तेव्हा चालू होतानाचा त्याचा तो झंकार ऐकायला माणसं चहा टाकून जायची. लाईट घडोघडी जायची, त्यामुळं मैफलही घडोघडी. मग एकदा नाथाजी वडिलांच्या दहाव्याचं कार्ड करायला आला. मजकूर सांगताना लाईट गेली, आणि लाईट येताच मिलिंदनं सवयीनं बटण दाबलं. मशीननं वरातीसारखी सलामी दिली. नाथाजी बाहेर जाऊन उभा राहिला. त्या रात्री मिलिंदला जेवण गेलं नाही. तेव्हापासून दुःखाचं गिऱ्हाईक आलं, की हा टेबलाखाली वाकून स्पीकरची वायर काढायचा, जणू चप्पल शोधतोय.

एका सकाळी मनुबाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं कार्ड करायला आल्या, पदराखाली फोटो. वायर निघाली. तेवढ्यात केरबानाना पोरीच्या लग्नपत्रिकेला हजर. भावकी एवढी मोठी, की त्या एका कामावर मिलिंदचा अख्खा पावसाळा निघाला असता. मशीन मुकाट्यानं चालू झालेलं बघून नानांच्या कपाळाला आठ्या.

"का रं, आमच्याच येळंला वाचा बसली व्हय ह्याची? शुभकार्य हाय. वाजव."

"आवं नाना, जरा थांबा की."

"थांबू कशापायी? कराडात लय दुकानं हायत."

मिलिंदनं वायरीकडं पाहिलं, मग मनुबाईंकडं. त्या पदरानं फोटोची काच पुसत होत्या. काच कधीचीच स्वच्छ झालेली. वायर त्यानं उचलली नाही. नाना पायरी उतरले, तेव्हा तो दोनच वाक्यं बोलला, आणि नाना माघारी वळून बाकावर टेकले. पत्रिका तिथंच झाली. पुढं पंगतीत, गुऱ्हाळावर, नाना आपल्यावरच उलटलेलं ते उत्तर स्वतःच सांगत हसायचे. आता दुकान नाही, आणि दहाव्याला घाटावरही कुणाच्या ना कुणाच्या खिशात गाणं वाजतं. तेव्हा आळीत कुणीतरी मिलिंदचे शब्द काढतंच:

"तुमच्या पोरीसाठी वाजवायला अख्खा बँड येणार हाय, नाना. ह्या काकींसाठी गप ऱ्हायला हितं मी एकटाच हाय."