तो नव्हे, दुसरा यहूदा

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की नांदेडच्या आमच्या चर्चमधली ती फाल्गुनातली सकाळ आठवते. बाबांनी पेटीतला जुना कोट बाहेर काढला होता. पहिल्या बाकावर, रंगीत काचेतून उतरलेल्या कोवळ्या उन्हात, ते नवरदेवासारखे ताठ बसले होते. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा होता आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे नातवाला आजोबांचं नाव मिळायचं होतं. तसा शब्द मीच त्यांना दिला होता.

बाबांचं नाव यहूदा. लोह्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. तिथं या नावाचं कुणालाच काही वाटलं नाही. दुखायचं ते आपल्याच माणसांत. माझ्या लहानपणी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेत, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचा प्रसंग वाचला जाई, तेव्हा पोरं मागं वळून आमच्याकडं पाहून हसत आणि मी बाबांच्या शेजारून हळूच सरकून आईच्या पलीकडे बसे. घरी परतताना बाबा शांतपणे सांगत, की शास्त्रात, म्हणजे बायबलात, यहूदा पुष्कळ आहेत. एक साधा शिष्य, ज्याचं नाव घेताना ‘इस्कर्योत नव्हे’ असं सांगावंच लागलं. एक छोटंसं पत्र लिहिणारा. आणि त्यांचा लाडका, याकोबाचा मुलगा, ज्यानं तरुणपणी योसेफ या भावाला विकायचा सल्ला दिला, पण पुढं धाकट्या बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला. मी सगळं ऐकत असे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सरकत असे.

त्या सकाळी लातूरहून सासरची मंडळी आली होती. दारातच सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, शास्त्रात लई नावं हायत की. हेच कशाला?” मी ते हसण्यावारी नेलं. पण पाळकसाहेबांनी बाळाला हातांत घेऊन नाव विचारलं, सगळं चर्च माझ्याकडं पाहू लागलं, तेव्हा बाबांकडं न बघता मी म्हणालो, “योहान.”

पाणी बाळाच्या कपाळावरून ओघळलं. आमेन म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

जेवणं उरकल्यावर बाबांनी घरातलं शास्त्र मांडीवर घेतलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घरात जन्मलेल्यांची नावं त्यांच्या वळणदार अक्षरात आहेत. शेवटच्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीनं आधीच ‘यहूदा’ लिहून ठेवलं होतं. ते आता खोडत होते. सावकाश, पान फाटू नये म्हणून बोटानं दाबून धरत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा, माझं चुकलं.”

“न्हाई रे,” ते वर न पाहता म्हणाले, “बरंच केलंस. मी जल्मभर ‘तो न्हाई, तो न्हाई’ सांगत आलो. त्या लेकराला तरी सांगावं लागणार न्हाई.”

मग त्यांनी शाईनं ‘योहान’ लिहिलं आणि वाळावं म्हणून फुंकर घातली.

योहान आता चार वर्षांचा आहे. यंदाच्या उत्तम शुक्रवारी तो आजोबांच्या मांडीवर बसला होता, आणि मी मनाशी पक्कं ठरवून त्यांना अगदी खेटून बसलो होतो. बाहेर ऊन तापलं होतं, पंखे कुरकुरत होते. पाळकसाहेब त्या प्रसंगाशी आले, ते नाव उच्चारलं गेलं, पुढच्या बाकावरचं एक पोर मागं वळलं. मी जागचा हललो नाही. बाबांनी योहानला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि ते स्वतःच हळूच बाजूला सरकून बसले.