जहाजाच्या नियमाने हाकलेली कॅरव्हॅन

१२ ऑक्टोबर १९९६, शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. सिंगापूरमधल्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचे तापमान स्थिर होण्याची मी वाट पाहत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावाच्या इस्पितळातून आईचा फोन आला. काल दुपारी गाडीमागची कॅरव्हॅन उलटली, तिने गाडीही ओढून नेली, बाबा जागीच गेले आणि आपला हात मोडला, एवढे तिने सांगितले. मग म्हणाली, "निघायच्या आधी काहीतरी खाऊन घे…"

त्यानंतर सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला आलेला प्रत्येक जण एकच बोलला : "फिरता फिरता गेले, भाग्यवान माणूस." बाबा भाग्यवान नव्हते. ते चुकले होते.

बाबा मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षे बोटीवर, शेवटची सिंगापूरमध्येच, तुआसच्या गोदीत. मी लहान असताना स्क्रूड्रायव्हरचे टोक चालत्या पंपावर आणि मूठ माझ्या कानाला लावून त्यांनी मला बेअरिंगची घरघर ओळखायला शिकवले. ओळखता आली नाही की पाहुण्यांदेखत म्हणत, "डोकं आईचं घेतलंय." माझे विज्ञान तिथे सुरू झाले, त्यांच्यावरचा रागही तिथलाच. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांतून, गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून हिंडायचे त्यांनी ठरवले आणि पहिल्या आठवड्यापुरते मलाही ओढले. दोन्ही बाजूंना गहू, मधूनच धान्याची उंच कोठारे, तासन्‌तास सरळ रस्ता… आणि त्या रस्त्यावर बाबांची बोट. भांडी घासायला आईला दोन मग पाणी मिळे, कारण बोटीवर गोडे पाणी मोजून वापरतात. बाबांच्या दाढीचे पाणी मात्र कोणी मोजत नसे.

जहाज मागच्या बाजूला किंचित बसलेले असावे, म्हणजे पंखा पाण्यात नीट बुडतो. समुद्रावर हा नियम अचूक आहे. बाबांनी तोच कॅरव्हॅनला लावला. हत्यारांच्या पेट्या, पाण्याचे कॅन, जादा टायर, सगळे मागच्या टोकाला. पुढच्या कपाटात राहिले ते फक्त आईचे डबे : तांदूळ, डाळी, कुकर, लोखंडी खलबत्ता. वास्तविक ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनचे पुढचे टोक गाडीच्या हुकावर पुरेसे दाबून बसावे लागते. नाहीतर वेग वाढताच तिचे शेपूट डुलू लागते आणि शेवटी तेच गाडीला फिरवते. शेजारून मोठा ट्रक गेला की आमचे शेपूट डुलतच होते. एका मुक्कामी मी कॅरव्हॅन पार्कच्या मालकीणबाईंकडून न्हाणीघरातला वजनकाटा मागून आणला आणि पुढचे टोक त्यावर टेकवले.

"बाबा, हवा त्याच्या निम्मासुद्धा भार नाही हुकावर. पेट्या पुढे घ्या."

"डॉक्टरीणबाई, पीएचडी अजून हातात यायचीय. तोवर चहा टाका."

"आकडा तरी बघा."

"तीस वर्षं बोटी चालवल्या मी. तू साधी स्कूटर चालवलेली नाहीस."

आई दारातून म्हणाली, "अहो, ती एवढं सांगतेय तर बघा ना एकदा…"

"तू गप्प बस. वजन वजन करतेय ना तुझी लेक, ते सगळं तुझ्या डब्यांचं आहे. सिंगापूर उचलून आणलंयस इथे."

दुसऱ्या दिवशी मी सिंगापूरला परत निघाले. माझे प्रयोग खोळंबले होते. पुढचे मला आईने इस्पितळात सांगितले. मला बसस्टँडवर सोडून बाबा पार्कमध्ये आले, पुढचे कपाट उघडले आणि एकेक डबा काढून कचऱ्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवला. "लेकीला वजन सलत होतं ना? घे, केलं कमी." आई रडली, तेव्हा तिला ऐकू जाईल असे शीळ वाजवत त्यांनी गाडी सुरू केली. दुपारी एका उतारावर शेजारून ट्रक गेला.

"त्यांनी ऐकलं तुझं, त्यांच्या पद्धतीने," आई म्हणाली. "वजन कमी केल्यावर गाडी आणखी स्थिर चालायला हवी होती ना गं?"

हुकावर होता तेवढा भारही त्या डब्यांचाच होता. तोवर मी तिला कधी चुकीचे उत्तर दिलेले नव्हते. त्या दिवशी मी "हो" म्हणाले.

दोन दिवसांनी पार्कच्या मालकीणबाई दीडशे किलोमीटर गाडी चालवून इस्पितळात आल्या. पिंपाशेजारचे डबे त्यांनी पुसून, एका खोक्यात भरून आणले होते. टाकवत नाही, म्हणाल्या. आईलाही टाकवेनात. विमानतळावर बाबांच्या अस्थी माझ्या हातातल्या पिशवीत होत्या. त्यांचे वजन कोणी विचारले नाही. खोके मात्र काट्यावर ठेवावे लागले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून आई माझ्या शेजारी उभी होती. "फार झालं का गं?" तिने विचारले. मी काट्यावरचा आकडा तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला.

एकतीस किलो चारशे ग्रॅम.