देवीची चावी मुंबईला

महाडला आम्ही नवराबायको चार दिवस लॉजवर राहिलो आणि त्यातले तीन दिवस मुख्यतः कमानी पाहिल्या. हल्ली या भागात गाव लहान असलं तरी चालतं, कमान मोठी लागते, आणि ती ज्यांच्या सौजन्याने उभी राहिली त्यांचं नाव गावाच्या नावाहून ठळक असतं. शिवथरघळीत पाण्याच्या आवाजापुढे माणसं गप्प बसतील अशी मला आशा होती. ती फोटोसाठी आवाजाच्या वर ओरडून एकमेकांना "अजून थोडं मागे" सांगत होती. दासगावच्या पुढे सावित्रीच्या काठी एका बाकावर टेकलो, तर देणगीदाराची उठावाची अक्षरं पाठीला टोचली. नदी कुठे वाहते ते पाहण्याआधी बाक कोणाचा ते कळलं.

बायको हे सगळं पाहत होती. ती ज्यासाठी आली होती ते शेवटच्या दिवशी व्हायचं होतं.

तिच्या बॅगेत एक हिरवी सुती साडी होती. माझ्या सासूबाईंचं माहेर पोलादपूरच्या वर, उमरठच्या रस्त्याने जाऊन पुढे डोंगरात वळलं की लागतं. बायको लहानपणी काविळीने अंथरुणाला खिळली, तेव्हा सासूबाईंनी माहेरच्या देवीला साडीचा नवस बोलला. मुलगी उठली, नवस राहिला. त्यांनी साडी घेऊनही ठेवली होती. मग गुडघे गेले, आणि मागच्या वर्षी त्याही गेल्या. आम्हाला संध्याकाळी पुण्याला परतायचं होतं. पुन्हा इतक्या आत येणं होईल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

गावात पोचलो, तर देऊळ नवंकोरं होतं. भिंतीच्या टाइल्स पाहून गाभारा आणि बाथरूम एकाच दुकानातून घेतल्यासारखं वाटत होतं. पायऱ्यांवर देणाऱ्यांची नावं, खांबांवर नावं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं. पंखा फिरला की ती दिसेनाशी होणार, म्हणूनच बहुधा तो बंद होता. हे सगळं आम्ही लोखंडी जाळीतून पाहिलं, कारण जाळीला कुलूप होतं.

गावातल्या घरांनाही कुलपंच होती. माणसं मुंबईला, ती शिमग्याला आणि गणपतीला येणार. एका अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती. सूप ठेवून ती आली.

"कोणाची गो तू?"

बायकोने आईचं घर सांगितलं.

"खालच्या वाडीतलीची लेक? तरीच. नाक तिचंच हाय."

"चावी कोणाकडे असते?" मी विचारलं.

"मंबईला."

"मुंबईला कोणाकडे?"

"मंडळाच्या अध्यक्षाकडं. शिमग्याला संगं घेऊन येतो. बाईच्या डोक्यावर चांदीचा मुकूट घातला ना. आनि आमी पडलो गाववाले."

हे ती रागाने नव्हे, पत्ता सांगावा तसं म्हणाली. मला मात्र गावाने पोसलेल्या, शहरात जाऊन मोठ्या झालेल्या या मंडळाचं कौतुक वाटलं. देवीचं देऊळ बांधायचं, देवी त्यात कोंडायची आणि शेजारी राहणाऱ्यांपासून ती जपायची, हे साध्या डोक्याला सुचत नाही.

अध्यक्षांचा नंबर दर्शनी फलकावर, त्यांच्या फोटोखालीच होता. बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, आपली सिस्टीम आहे," अध्यक्ष म्हणाले. "मिटिंगमध्ये ठराव पास झालाय, चावी कोणाला द्यायची नाही."

"द्यायची कशाला, ती इथे नाहीच आहे."

"तेच ना. सेफ्टी. तुम्ही असं करा, शिमग्याला या. माहेरवाशिणींचा सत्कार ठेवलाय आपण. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. तुमचं नाव टाकतो."

"मला देवीला साडी द्यायची आहे. तुम्ही मला शाल कसली देता?"

"मग जाळीतून दाखवा. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका, पोचल्यासारखंच आहे."

बायकोने फोन बंद केला. साडी आणि नारळ हातात धरून ती जाळीसमोर उभी राहिली. साडी घडीने आत गेली असती, नारळ गेला नसता.

"उभी काय रायलीस," म्हातारी म्हणाली. "चल माझ्यासंगं."

देवळाच्या मागे उरलेल्या विटांचा आणि फुटक्या टाइल्सचा ढीग होता. त्यापलीकडे ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला गुडघ्याएवढा दगड. त्याच्यापुढे सकाळचीच फुलं.

"ही कोण?" बायकोने विचारलं.

"हीच ती. आतली ट्रकातनं आली. हिला आत न्याची म्हणून कौल लावला, तर हिनं दिला नाय. तीन डाव लावला. मग कमिटीवाले बोलले, बघू पुढच्या मिटिंगला."

"पण आईचा नवस..."

"तुजी आई बोलली तवा आतली होती कुठं गो?"

बायको खाली बसली. सहा वारांची साडी त्या दगडाला काही बसेना. ती निऱ्या घालू लागली, तेव्हा म्हातारीने तिचा हात बाजूला केला. "नुसती गुंडाळ. बाई काय लग्नाला चालली नाय."

मग तिने डोक्यावर पदर घेऊन गाऱ्हाणं घातलं. सासूबाईंचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं आणि म्हणाली, "उशीर झाला, पन पोचली. मानून घे." कोणाचा सत्कार झाला नाही. नारळ फोडून तिने एक कवड आमच्या हातात ठेवली.

निघताना ती जरा घुटमळली.

"रीत हाय, बाईची उतरलेली साडी गावातल्या बाईनं नेसायची. पैलं वाद व्हायचे, कोनी नेसायची म्हणून. आता हितं मीच हाय. नेसू ना?"

"नेसा," बायको म्हणाली. "उंचीला थोडी कमी आहे. आईच्या मापाने घेतलेली."

"मीबी तेवढीच," म्हातारी म्हणाली आणि नाचणीकडे परत गेली.